'एकदा सिझर, कायम सिझर' : एका वाक्याचा शंभर वर्षांचा प्रवास

१/ आपल्याकडे बाळंतपणाच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानी पडते : "पहिलं सिझर ना? मग दुसरंही सिझरच." आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सारे ते इतक्या सहजतेने म्हणतात, की ते वैद्यकशास्त्राचे नव्हे तर निसर्गाचेच विधान वाटावे. वास्तविक या वाक्याला कर्ता आहे, सन आहे, शहरही आहे. आणि ज्याने ते उच्चारले त्याच्या मनात काही वेगळेच होते. आजचा थ्रेड त्याविषयी. बराच लांब आहे, सवडीने वाचा. 🧵

२/ प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नव्हे. कोणी कोणता निर्णय घ्यावा हे सांगण्याचा येथे हेतू नाही. एका शस्त्रक्रियेचा व्रण पुढच्या गरोदरपणावर आणि पुढच्या बाळावर काय परिणाम करतो, या प्रश्नाची उत्तरे शतकभरात कशी बदलत गेली, एवढेच पाहायचे आहे.

३/ 'सीझर' या नावापासूनच सुरुवात करू, कारण ती दंतकथा अजून मेलेली नाही. ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला असे शाळेपासून आपण ऐकतो. परंतु त्याची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर अनेक दशके हयात होती. तिचा मृत्यू इसवी सनपूर्व ५४ च्या सुमाराचा. त्या काळी जिवंत स्त्रीचे पोट फाडणे म्हणजे तिचा मृत्यू, हे जवळजवळ निश्चित असताना ही कथा टिकत नाही. रोमन कायदा जे सांगत होता ते इतकेच : गर्भवती स्त्री मरण पावली, तर तिच्या पोटातील मूल बाहेर काढल्याखेरीज तिला पुरू नये.

४/ आपल्याकडचा उल्लेखही याच जातीचा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मूढगर्भाच्या अध्यायात, मातेचा आकस्मिक मृत्यू झाला आणि कुक्षीत स्पंदन दिसत असेल तर वैद्याने तत्काळ पोट फाडून बाळ काढावे, असे सांगितले आहे. जैन परंपरेतील बिंदुसाराची जन्मकथा तुम्हाला ठाऊक असेलच : विषाने मृत्यू पावलेली राणी, आणि चाणक्याने तिच्या उदरातून काढलेले बाळ.

५/ या साऱ्या कथांत एक समान धागा आहे. आई गेलेली आहे. म्हणजेच 'पुढचे बाळंतपण' हा प्रश्नच अस्तित्वात नाही. तो प्रश्न उद्भवण्यासाठी आधी आईने जगायला हवे होते, आणि त्यासाठी जगाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले.

६/ एक बहुचर्चित अपवाद मात्र आहे. स्वित्झर्लंडमधील सीगर्सहाउझेन, सन १५०० च्या आसपास. याकोब नुफर हा डुकरिणींचे अंडाशय काढणारा माणूस. त्याच्या पत्नीच्या कळा दिवसेंदिवस चालल्या. तेरा सुइणींनी हात टेकले. शेवटी नगराच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन नुफरने स्वतःच्या हाताने पत्नीचे पोट उघडले. आई वाचली, मूलही वाचले. कथा इथेच संपत नाही : त्याच बाईने पुढे आणखी पाच मुलांना जन्म दिला, त्यांत एक जुळे, आणि तेही नैसर्गिक मार्गाने!

७/ ही हकीकत खरी असेल तर सिझरनंतरच्या नैसर्गिक प्रसूतीची ही पहिलीच नोंद ठरते. अडचण अशी, की ती लिहून ठेवली कास्पर बाउहिन याने, आणि तीही घटनेनंतर आठ दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. पुढची बाळंतपणे इतकी सुरळीत झाली याचाच अर्थ गर्भाशयाला मुळात छेद गेलाच नसावा, गर्भ गर्भाशयाबाहेर पोटातच वाढलेला असावा, अशी शंका अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. मला ही शंका रास्त वाटते. शिवाय गंमत पाहा : सोळाव्या शतकातील एका कथेची सत्यासत्यता आपण ताडून पाहतो ती पुढच्या बाळंतपणांवरून.

८/ आता एक तांत्रिक मुद्दा, कारण सारा इतिहास त्याभोवती फिरतो. पोट उघडले, गर्भाशय उघडले, बाळ काढले. पुढे गर्भाशयाचे काय? आज आपण म्हणू, टाके घाला. परंतु सुमारे तीनशे वर्षे शल्यवैद्य पोटाला टाके घालत, गर्भाशयाला घालत नसत.

९/ फ्रांस्वा रूसे या फ्रेंच वैद्याने १५८१ मध्ये जिवंत स्त्रीवरील या शस्त्रक्रियेचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. गर्भाशय हा स्नायू आहे, तो आपोआप आकसतो आणि जखम मिटते, असे त्याचे मत होते. त्यातच आत घातलेले टाके पुन्हा काढणार कसे, आणि ते तसेच राहिले तर पू होणार, ही भीती. दोन्ही विचार वरकरणी तर्कशुद्ध. परिणाम मात्र भयंकर : उघड्या गर्भाशयातून रक्तस्राव होऊन किंवा आतील स्राव पोटात पसरून बहुतेक स्त्रिया दगावत. १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात सिझरनंतर एकही स्त्री वाचली नाही, असे वैद्यकेतिहासात वारंवार नोंदवले जाते.

१०/ (एक उपकथा. रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने १८७९ मध्ये आजच्या युगांडातील बुन्योरो प्रदेशात स्थानिक वैद्याने केलेले सिझर पाहिले आणि पुढे त्याचे वर्णन एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. गुंगीसाठी केळ्याची दारू, रक्त थांबवण्यासाठी तापवलेले लोखंड, पोटाची जखम मिटवण्यासाठी लोखंडी टाचण्या आणि झाडाच्या सालीचा दोरा. आई व मूल दोघेही वाचले. गर्भाशयाला टाके मात्र तिथेही नाहीत.)

११/ २१ मे १८७६. इटलीतील पाव्हिया. एदुआर्दो पोरो यांच्यापुढे जुलिया काव्हालिनी नावाची पंचवीस वर्षांची, मुडदुसाने खुजी राहिलेली, पहिलटकरीण होती. तिच्या कटिराची हाडे इतकी आवळलेली होती की बाळ खाली उतरणे अशक्य. पोरो यांनी बाळ काढले, आणि लगेच गर्भाशयाचा वरचा भागही कापून टाकला. जे रक्तस्राव करते, ज्यात पू होतो, ते मूळच राहू द्यायचे नाही! जुलिया वाचली. ही पद्धत पोरोच्या नावाने युरोपभर गेली.

१२/ आईचा जीव वाचवण्याची किंमत म्हणजे पुढचे सारे गरोदरपण. त्या क्षणी हा सौदा कोणीही मान्य केला असता. परंतु वैद्यकशास्त्राला अजूनही 'पुढच्या बाळंतपणा'ला सामोरे जावे लागले नव्हते, हे लक्षात घ्या. आधी आई उरत नव्हती. आता आई उरली, तर गर्भाशय उरले नाही.

१३/ ती कोंडी फोडली माक्स झेंगर यांनी. लाइपझिग, १८८२, वय तिशीच्याही आत. गर्भाशयाला चांदीच्या तारेने आणि रेशमी धाग्याने काळजीपूर्वक, थराथराने टाके घाला, असे प्रतिपादन करणारा प्रबंध त्यांनी लिहिला. निर्जंतुकीकरणाचे तंत्र तोवर रुजू लागले होते, भूल आली होती. आई जगू लागली, गर्भाशयासह जगू लागली. आणि दोन-तीन वर्षांनी तीच बाई पुन्हा दवाखान्याच्या दारात उभी राहू लागली : पोटात नवे बाळ, आणि गर्भाशयावर जुना व्रण.

१४/ आपल्या प्रश्नाचा खरा जन्म हा. त्याला दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

१५/ सुरुवातीच्या काळात उत्तर सोपे होते, कारण सिझर ज्या कारणाने होई ते कारण तसेच राहत असे. ग्लासगो शहर घ्या. धुराने कोंदलेल्या, दाट वस्तीच्या त्या औद्योगिक शहरात कामगारांच्या मुलांना ऊन मिळत नसे, मुडदूस घरोघरी. लहानपणी वाकलेले कटिर मोठेपणी प्रसूतीच्या आड येई. तिथल्या मर्डोक कॅमरन यांनी १८८८ मध्ये अशाच एका स्त्रीवर झेंगरच्या पद्धतीने यशस्वी सिझर केले. हाडे दुसऱ्या खेपेला रुंद होणार नव्हती. दुसरे सिझर व्हायचे ते कटिरामुळे, व्रणामुळे नव्हे. हा भेद पुढे पुसट झाला, आणि तिथेच घोटाळ्याचे बीज आहे.

१६/ (उन्हाचा हा धागा भारताशीही जोडलेला आहे. कॅथलीन व्हॉन या डॉक्टरबाईंनी काश्मीरमध्ये काम करताना पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांची हाडे मऊ पडून कटिर आवळल्याचे पाहिले, आणि १९२८ मध्ये पडदापद्धतीच्या मातृत्वावरील परिणामांविषयी पुस्तकच लिहिले. शेतात राबणाऱ्या बायका सुटत, हवेलीतल्या अडकत.)

१७/ आता मुख्य पात्र. एडविन क्रेगिन, न्यूयॉर्कच्या स्लोन रुग्णालयातील नामवंत प्रसूतितज्ज्ञ. मे १९१६ मध्ये त्यांनी शहरातील वैद्यकीय मंडळींपुढे व्याख्यान दिले आणि ते त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विषय होता प्रसूतिशास्त्रातील संयम. 'एकदा सिझर, कायम सिझर' हे वाक्य त्यात आहे.

१८/ विषय पुन्हा वाचा : संयम. त्या सुमारास सिझर सुरक्षित होऊ लागल्याने ते आवळलेल्या कटिराखेरीज इतर कारणांसाठीही होऊ लागले होते. क्रेगिन तरुण डॉक्टरांना सांगत होते : बाबांनो, पहिला छेद घेण्याआधी शंभरदा विचार करा, कारण त्या छेदाचे ओझे त्या स्त्रीच्या प्रत्येक पुढच्या गरोदरपणावर राहते. म्हणजे वाक्याचा रोख दुसऱ्या सिझरवर नव्हताच. तो पहिल्या सिझरवर होता.

१९/ आणखी एक गोष्ट. त्याच लेखात क्रेगिन अपवादांचीही कबुली देतात. त्यांच्याच एका रुग्णाने सिझरनंतर तीन मुलांना विनासायास जन्म दिला होता! म्हणजे ज्याने वाक्य लिहिले, त्याच्याच कागदावर त्या वाक्याचा प्रतिवाद आहे. परंतु सुभाषितासारखे वाक्य उचलले जाते तेव्हा शेजारचे वाक्य मागेच राहते. मूळ साधन उघडून पाहा, असे आमचे प्राध्यापक का बजावतात, ते इथे कळते.

२०/ अर्थात क्रेगिन यांची भीती खोटी नव्हती. त्यांच्या काळातील छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेतला जाई. कळा येतात तेव्हा जोर लावतो तो हाच भाग. तिथला व्रण पुढच्या खेपेला उसवण्याची शक्यता साधारणपणे शंभरात चार ते नऊ इतकी मानली जाते. गर्भाशय फाटले की बाळाचा प्राणवायू काही मिनिटांत तुटतो आणि आईच्या पोटात रक्त साचते. १९१६ मध्ये प्रतिजैविके नव्हती आणि रक्त चढवण्याची सोयही बाल्यावस्थेत होती. त्या परिस्थितीत हे वाक्य शहाणपणाचेच होते.

२१/ पण छेद बदलला. फेर्डिनांड केरर यांनी १८८१ मध्येच जर्मनीत गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेऊन दाखवला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे ग्लासगोचेच मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात या पद्धतीचा नेटाने पाठपुरावा केला. सहकाऱ्यांनी बरीच वर्षे नाके मुरडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली, आणि आज बहुतांश सिझर तशीच होतात.

२२/ आडव्या छेदाने काय साधले? गर्भाशयाचा खालचा भाग गरोदरपणाच्या उत्तरार्धात ताणून पातळ होतो. तिथे रक्तस्राव कमी, टाके नीट बसतात, आणि कळांच्या वेळी तो भाग स्वतः फारसा आकसत नाही, ताणला जातो. त्यामुळे व्रण उसवण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी, इतका खाली आला. ज्या पायावर क्रेगिन यांचे वाक्य उभे होते तो पाया निघून गेला, आणि वाक्य मात्र हवेत तसेच तरंगत राहिले.

२३/ ब्रिटनमध्ये व युरोपात पुष्कळ ठिकाणी आडव्या व्रणाच्या स्त्रीला कळा येऊ देण्याची वहिवाट पडली. अमेरिकेत मात्र हे वाक्य जवळजवळ नियम बनले. १९७० मध्ये तेथे शंभर बाळंतपणांत सिझर होते साधारण साडेपाच. १९७८ पर्यंत ते पंधरावर गेले. वाढीची कारणे अनेक : बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारी यंत्रे, पायाळू बाळांविषयीचे बदललेले धोरण, खटल्यांची धास्ती. परंतु एक मोठा हिस्सा निव्वळ 'आधीचे सिझर' या कारणाचा होता. पहिली सिझर वाढली की पुढच्या वर्षांतली दुसरी सिझर आपोआप वाढतात, चक्रवाढ व्याजासारखे.

२४/ १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. खालचा आडवा व्रण असलेल्या स्त्रीला नैसर्गिक प्रसूतीची संधी देणे योग्य आहे, असा निर्वाळा तिने दिला. दुसरीकडे स्त्रिया स्वतःही बोलू लागल्या होत्या. नॅन्सी वेनर कोहेन आणि लोइस एस्टनर यांचे 'सायलेंट नाइफ' हे पुस्तक १९८३ चे. सिझर झालेल्या स्त्रीच्या अनुभवाला त्याने शब्द दिले.

२५/ लंबक हलला, आणि हलला तो चांगलाच दूरवर. १९९६ पर्यंत अमेरिकेत आधी सिझर झालेल्या शंभरांपैकी सुमारे अठ्ठावीस स्त्रिया नैसर्गिकरीत्या बाळंत होऊ लागल्या. पण या आकड्यात सगळ्यांचीच इच्छा नव्हती. काही विमा कंपन्यांनी खर्च वाचतो म्हणून 'आधी कळा देऊन पाहा, मगच सिझर' अशी सक्ती सुरू केली होती. आधी सक्तीचे सिझर, मग सक्तीच्या कळा. स्त्रीला कोणी विचारले का? दोन्ही वेळा फारसे नाही.

२६/ मग संशोधनांची मालिका आली. कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या सुमारे सहा हजार स्त्रियांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला : कळांना सामोरे गेलेल्या गटात मोठ्या गुंतागुंतीची शक्यता जवळपास दुप्पट. १९९९ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने अट घातली की अशा प्रसूतीच्या वेळी तातडीचे सिझर करू शकणारा चमू 'तत्काळ' उपलब्ध हवा. आधीच्या मसुद्यात शब्द थोडा सैल होता. त्या एका शब्दाने लहान गावांतील कित्येक रुग्णालयांची दारे बंद झाली, कारण रात्रंदिवस भूलतज्ज्ञ ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते.

२७/ २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण हजारी असे : कळांपूर्वीच सिझर केले तर १.६, कळा आपोआप आल्या तर ५.२, प्रोस्टाग्लँडिन न वापरता कळा आणवल्या तर ७.७, आणि प्रोस्टाग्लँडिन या औषधाने आणवल्या तर २४.५. आकडे नीट पाहिले तर धोक्याचा मोठा भाग घाईत, औषधांनी आणवलेल्या कळांत दिसतो. बातम्यांनी मात्र एवढेच सांगितले : सिझरनंतर नैसर्गिक प्रसूती धोक्याची. काही वर्षांतच ते अठ्ठावीसचे प्रमाण दहाच्या खाली आले.

२८/ २००४ चा मोठा अभ्यास मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो कोणालाच संपूर्ण आनंद देत नाही. सतरा हजार आठशे अठ्ठ्याण्णव स्त्रियांनी कळांचा मार्ग घेतला. त्यांतल्या सुमारे त्र्याहत्तर टक्के नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण ०.७ टक्के. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी बारा बाळांच्या मेंदूला प्राणवायूच्या कमतरतेने इजा झाली. थेट सिझरच्या गटात असे एकही बाळ नव्हते. अठरा हजारांत बारा. आकडा म्हणून नगण्य. ज्या बारा घरांत ते घडले तिथे तो आकडा नव्हे.

२९/ मग सरळ प्रत्येक खेपेला सिझरच का करू नये? इथे कथेला दुसरे वळण मिळते. व्रणाचा दुसरा परिणाम कळांशी निगडित नाही. तो वारेशी निगडित आहे. बाळ बाहेर आले की वार सुटून यायला हवी. परंतु गर्भाशयाच्या आतील अस्तर व्रणाच्या जागी विरळ असेल आणि वार नेमकी तिथेच रुजली, तर तिची मुळे थेट स्नायूत घुसतात. ती सुटत नाही. सोडवायला गेले तर रक्ताचा पूर येतो, आणि अनेकदा गर्भाशयच काढावे लागते.

३०/ बोस्टनच्या आयर्विंग आणि हर्टिग यांनी १९३७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले तेव्हा तो अतिशय दुर्मीळ होता. एखाद्या डॉक्टरने आयुष्यभरात पाहिलाही नसता. व्रणातच गर्भ रुजल्याची एक नोंद दक्षिण आफ्रिकेतून १९७८ मध्ये आली. आज दोन्ही गोष्टी प्रसूतितज्ज्ञांच्या रोजच्या चिंतेत आहेत. आजार नवा नाही, त्याला रुजायला जागा नव्याने मिळाली.

३१/ २००६ मध्ये तीस हजारांहून अधिक सिझरांची मोजदाद प्रसिद्ध झाली. वार अशी चिकटण्याचे प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ०.२४ टक्के, दुसऱ्याला ०.३१, तिसऱ्याला ०.५७, चौथ्याला थेट २.१३, आणि सहाव्या किंवा त्यापुढच्याला ६.७४. आता वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली असेल तर? दुसऱ्या सिझरला ११ टक्के, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. हा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्रेगिन यांचे वाक्य मला नव्याने समजले. प्रत्येक छेदाचे ओझे पुढच्या गरोदरपणावर राहते, हे त्यांनी वारेच्या या संकटाची मोजदाद होण्याच्या कितीतरी आधी सांगितले होते.

३२/ म्हणून एका मुलावर थांबणाऱ्या घरातला हिशेब आणि चार मुले हवी असलेल्या घरातला हिशेब एक असू शकत नाही. 'सिझर सुरक्षित आहे का' या प्रश्नाला 'कितवे?' हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

३३/ आणि बाळाचे काय? पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो. कळा सुरू झाल्या की संप्रेरकांच्या प्रभावाने तो द्रव शोषला जाऊ लागतो. जणू फुप्फुसांना सूचना मिळते की आता श्वास घ्यायचा आहे. कळांपूर्वीच ठरवून सिझर केले की ही सूचना पोहोचत नाही. मग काही बाळे जन्मल्यावर धापा टाकतात. बहुतेक एक-दोन दिवसांत सावरतात, पण त्यासाठी त्यांना काचेच्या पेटीत आणि आईला दुसऱ्या मजल्यावर राहावे लागते.

३४/ यात तारखेला विलक्षण महत्त्व आहे. ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझरांविषयीचा २००९ चा अमेरिकन अभ्यास : सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांत श्वासाचे वा अन्य गंभीर त्रास १५.३ टक्के, अडतिसाव्यात ११, एकोणचाळिसाव्यात ८. तरीही एक तृतीयांशाहून अधिक सिझर एकोणचाळीस आठवडे भरण्याआधीच उरकलेली होती. कुठे डॉक्टरांची सोय, कुठे घरच्यांची. आपल्याकडे यात मुहूर्ताची भर पडते, हे मी वेगळे सांगायला नको. पंचांगातला चांगला दिवस फुप्फुसांना ठाऊक नसतो.

३५/ दुसरी बाजूही मांडायला हवी. स्कॉटलंडमधील एक लाख वीस हजारांहून अधिक दुसऱ्या बाळंतपणांच्या नोंदींवर गॉर्डन स्मिथ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लेख लिहिला. एकोणचाळीस आठवडे झाल्यावर बाळ पोटातच, विनाकारण दगावण्याचे प्रमाण आधी सिझर झालेल्या स्त्रियांत हजारी १.१, इतरांत ०.५. नंतरच्या सर्वच अभ्यासांना हा संबंध तितका ठळक दिसलेला नाही. परंतु फार लवकरही नको आणि फार उशीरही नको, ही तारेवरची कसरत का आहे, ते यावरून कळते.

३६/ सिझरने जन्मलेल्या मुलांना पुढे दमा किंवा लठ्ठपणा जास्त, असे संदेश तुमच्याही कुटुंबाच्या गटात फिरत असतील. काही अभ्यासांत असा संबंध आढळला आहे. पण ज्या कारणासाठी सिझर झाले ते कारण, आईचे वजन, घरची परिस्थिती हे सारे त्यात मिसळलेले आहे. संबंध म्हणजे कारण नव्हे. सिझर झालेल्या आईच्या मनात अपराधीपणा पेरायला तो पुरावा पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

३७/ २०१० मध्ये अमेरिकेत पुन्हा परिषद भरली आणि तीस वर्षांपूर्वीचेच उत्तर अधिक सावधपणे दिले गेले : एक आडवा व्रण असलेल्या बऱ्याच स्त्रियांसाठी कळांची वाट पाहणे हा वाजवी पर्याय आहे. निर्णय स्त्रीने, धोके समजून घेऊन, डॉक्टरांसह घ्यावा. म्हणजे क्रेगिन यांच्या व्याख्यानाला चौऱ्याण्णव वर्षे झाल्यावर वाक्यात 'कायम'च्या जागी 'बघू या' आले.

३८/ हे सारे परदेशातले, आपल्याला काय त्याचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहा. देशात सिझरचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५. याच शेवटच्या पाहणीत महाराष्ट्र २५.४ वर, गोवा ३९.५ वर. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४. इतकी तफावत केवळ रुग्णांच्या प्रकृतीतली असेल, हे पटत नाही.

३९/ त्याच वेळी, ज्या गाडीरस्त्यावरून तालुक्याला पोहोचायला दोन तास लागतात, तिथली स्त्री गरज असूनही सिझरपर्यंत पोहोचत नाही. तिच्यापुढे हा थ्रेड वाचून 'सिझर नकोच' असे म्हणणे हा क्रूरपणा होईल. आणि आधी सिझर झालेल्या स्त्रीने रक्ताची, शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी कळा काढणे हा तर सरळ जिवाशी खेळ. वर सांगितलेले सारे आकडे सुसज्ज रुग्णालयांतले आहेत, हे विसरू नका.

४०/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या आवडीची गोष्ट : कागद. पुढच्या प्रसूतीचा निर्णय गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, यावर फार अवलंबून असतो. पोटावरची खूण पाहून ते कळत नाही; कातडीवर आडवी रेघ असून आत उभा छेद असू शकतो. ते समजते फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून : छेद कुठे, कसा, टाके कसे, सिझर कशासाठी केले. आपल्या घरात ही नोंद बहुधा कोणी मागून घेतलेली नसते. असते ती नुसती डिस्चार्ज कार्डाची पिवळी पडलेली प्रत, तीही बाळाच्या लसीकरणाच्या कागदांत कुठेतरी. आई, ताई, वहिनी, ज्यांचे सिझर झाले असेल त्यांना विचारा, आणि नोंद नसेल तर रुग्णालयातून ती मागून घ्यायला सांगा. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील.